बुलिटची मस्टँग १:६४ मध्ये : रंग नंतर, आधी काय काय काढायचं ते बघा

हिरवा_फास्टबॅक
पिक्चरमधली गाडी छोट्या मॉडेलवर (१:६४, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौसष्टाव्या हिश्शात) करायची म्हटलं की बहुतेक जण पहिल्यांदा रंगाचा डबा शोधायला लागतात. माझं मत वेगळं आहे आणि ते बुलिटच्या मस्टँगवरून सांगतो, कारण ह्या गाडीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. १९६८ चा पिक्चर, दिग्दर्शक पीटर येट्स, गाडीत स्टीव्ह मॅक्वीन, सॅन फ्रान्सिस्कोचे ते चढउतार आणि जवळपास अकरा मिनिटांचा पाठलाग. त्या पिक्चरला एडिटिंगचं ऑस्कर मिळालं ते उगाच नाही.

तर ही गाडी म्हणजे १९६८ ची फोर्ड मस्टँग जीटी ३९० फास्टबॅक (मागे उतरत्या छपराची), रंग हायलँड ग्रीन. तिच्यावर वेगळं काय लावलंय हे शोधायला गेलात तर हाताला फारसं काही लागत नाही, कारण लावलेलं कमी आणि काढलेलंच जास्त आहे. जाळीतला पळता घोडा गायब, जाळीतले फॉगलाइट गायब, जीटीचे बॅज गायब, मागचे रिव्हर्सचे दिवे गायब, जाळी काळी. पट्टे नाहीत, काही नाही. बाहेरून आणलेली ठळक गोष्ट एकच, चाकं. अमेरिकन रेसिंगची टॉर्क थ्रस्ट डी, पाच आऱ्यांची, आणि आरे राखाडी. म्हणून ती गाडी इतकी गप्प आणि दांडगी दिसते. आता जर तुम्ही बॅजसकट, फॉगलाइटसकट असलेल्या कास्टिंगवर, म्हणजे तयार ओतीव मॉडेलवर, नुसता हिरवा मारलात तर ती हिरवी मस्टँग होईल, बुलिट होणार नाही.

म्हणून पहिलं काम कानस आणि पॉलिश पेपरचं, स्प्रेचं नाही. आणि त्याच्याही आधी पिक्चर लावून बसायचं, पॉज करायचं आणि एक फ्रेम ठरवायची. पाठलागाच्या आधीची स्वच्छ गाडी करायचीय का शेवटची ठोकलेली, मळलेली? हे ठरल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नका.

चाकवेडा
जबरदस्त धागा. वाखुसा (वाचनखूण साठवली).
एक शंका, कास्टिंग कुठलं घ्यायचं? माझ्याकडे मस्टँग फास्टबॅक दोन आहेत, एक ६७ ची लिहिलेली, एक ६८ ची. बॉडी तर सारखीच दिसते, ६७ वर केलं तर चालेल ना?

हिरवा_फास्टबॅक
६८ चीच घ्या. लांबून सारख्या दिसतात पण फरक नेमका डोळ्यात येणाऱ्या जागी आहे. ६७ ला मागच्या चाकाच्या पुढे बॉडीवर हवा ओढायची असावी तशी दोन खोटी तोंडं आहेत, ६८ ला तिथे फक्त क्रोमची बारीक उभी पट्टी. ६७ च्या बॉनेटच्या पुढच्या कडेला फोर्ड अशी सुटी अक्षरं असतात, ६८ ला ती काढून टाकली. आणि ६८ ला फेंडरवर बाजूचे छोटे दिवे आणि मागे रिफ्लेक्टर आले, कारण १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत बाजूला दिवे किंवा रिफ्लेक्टर सक्तीचे झाले. ६७ वर करायचं तर ती खोटी तोंडं घासायची, पुट्टी भरायची, पट्टी नव्याने बसवायची, एवढा खटाटोप ६८ चं कास्टिंग मिळत नसेल तरच करा.

अजून एक, मोजपट्टी लावून बघा. खरी ६८ ची मस्टँग १८३.६ इंच लांब, म्हणजे ४६६३ मिलीमीटर. ६४ ने भागलं की ७२.९ मिलीमीटर. व्हीलबेस १०८ इंच, म्हणजे मॉडेलवर ४२.९. खेळण्यातल्या बऱ्याच गाड्या ठरलेल्या पाकिटात मावाव्यात म्हणून थोड्या आखूड किंवा फुगीर केलेल्या असतात, नावाला १:६४. दोन कास्टिंग समोर असतील तर व्हीलबेस ज्याचा जवळ येतो ते उचला. लांबीपेक्षा व्हीलबेस चुकलेला जास्त खटकतो असं माझं निरीक्षण आहे.

सावकाश_सुलभा
मला हा छंद नवीन आहे. गाडी उघडायची कशी? खाली दोन गोल ठिपके दिसतायत, तेच रिव्हेट का?

ड्रिलभाऊ
हो सुलभाताई, तेच. आत बॉडीला खालच्या बाजूने खांब असतो, त्याचं डोकं चेपून पत्र्यावर किंवा प्लास्टिकच्या बेसवर पसरवलेलं असतं. आपल्याला ते पसरलेलं डोकंच फक्त उडवायचंय, खांब नाही. आधी मधोमध पंचने खूण करा नाहीतर बिट घसरतो आणि बेसवरची अक्षरं खरवडतो. मग साधारण ३ मिलीमीटरचा बिट, हळू स्पीड, जोर न लावता. डोक्याची चकती सुटून बिटाबरोबर गोल फिरायला लागली की थांबायचं.
त्यानंतर परत जोडायची सोय आत्ताच करून ठेवा. त्याच खांबात १.६ मिलीमीटरचं भोक आणि एम टू चा टॅप (२ मिलीमीटरच्या स्क्रूचे आटे पाडायचं हत्यार) फिरवायचा, अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे, थेंबभर तेल. म्हणजे शेवटी गाडी स्क्रूने बंद होते आणि पाहिजे तेव्हा उघडते. गोंदाने चिकटवलेला बेस पुढे कधीतरी चाक बदलायला उघडायचा झाला की रडवतो.
आणि चष्मा लावा. जस्ताचा कीस बारीक असतो आणि उडतो.

सावकाश_सुलभा
आभारी आहे दादा, एवढं नीट कुणी सांगत नाही. रंग उतरवायला ड्रेनेज मोकळं करायची पावडर वापरतात असं ऐकलं, ती घरात आहे.

हिरवा_फास्टबॅक
ती नको! त्यात कॉस्टिक सोडा असतो. ह्या बॉड्या झमाकच्या, म्हणजे मुख्यतः जस्त आणि त्यात साधारण ४ टक्के ॲल्युमिनियम. कॉस्टिक ह्या दोन्ही धातूंना खातो, वर हायड्रोजन सुटतो. रंग जाईल पण धातू काळा पडतो, जास्त वेळ राहिला तर पृष्ठभाग खडबडीत होतो आणि दरवाज्यांच्या रेघा, हँडल वगैरे बारीक नक्षी बोथट होते. जेलवाला पेंट रिमूव्हर किंवा ॲसिटोन वापरा, झाकणाच्या काचेच्या बरणीत, खिडकी उघडी, हातमोजे. मग जुना टूथब्रश. कोपऱ्यातला रंग टूथपिकने.
काच, इंटिरियर, बेस सगळं बाहेर काढल्याशिवाय ॲसिटोनजवळ न्यायचं नाही. काचेला एक थेंब लागला तरी ती कायमची धुरकट.
रंग उतरला की साबणाने धुवा, पूर्ण वाळवा, आणि नंतर उघड्या बोटाने धरू नका. बोटांचं तेल राहिलं की प्राइमर तिथेच सोडतो.

रंगारी_काका
आता रंगाचं मी बोलतो, कारण इथेच जास्त चुकतं.

हायलँड ग्रीन गडद मेटॅलिक आहे. खऱ्या गाडीच्या रंगाचा कोड देऊन बनवून घेतलेला रंग १:६४ वर मारला की दोन गोष्टी बिघडतात. एक, गाडी जवळजवळ काळी दिसते. एवढ्या लहान पृष्ठभागावर उजेड खेळायला जागाच नसते, आणि आपण हातभर लांबून बघतो तेव्हा खऱ्या गाडीला तीसेक मीटरवरून बघितल्यासारखं असतं, आणि तेवढ्या अंतरावरून खऱ्या गाडीचा गडद रंग थोडा फिका वाटतो. म्हणून रंग मुद्दाम एक पायरी उजळ घ्यायचा, किंचित पिवळसर हिरव्याकडे. दोन, चमकीचे कण. कण समजा पाच शतांश मिलीमीटरचा असला तर खऱ्या गाडीवर तो तीन मिलीमीटरपेक्षा मोठा झाला. अशी गाडी जत्रेतल्या फुग्यासारखी चमचमते, आणि मॅक्वीनची गाडी तशी नव्हती.

माझी पद्धत अशी : राखाडी प्राइमर, त्यावर शक्य तितका बारीक दळलेला चंदेरी बेस, त्यावर पारदर्शक हिरवा पातळ पातळ थरांत, आणि पाहिजे तो गडदपणा आला की थांबायचं. चमक आतून येते, कण दिसत नाहीत, आणि उजेडात फिरवली की खांद्याची रेघ उठून दिसते. एअरब्रश पाहिजे ह्याला, स्प्रेच्या डब्याने हे काम नीट होत नाही.

थर किती जाड होतोय ते डोक्यात ठेवा. दशांश मिलीमीटर रंग म्हणजे खऱ्या गाडीवर जवळजवळ साडेसहा मिलीमीटर. दाराच्या फटी बुजतात त्या ह्यामुळेच. फटी रंगाआधी सुईने किंवा स्क्राइबरने खोल करून घ्या.

चाकवेडा
काका, माझ्या एका गाडीवर शेवटचा क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मारला आणि खालचा रंग सुरकुतला, म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखा. असं का होतं?

रंगारी_काका
खाली इनॅमल आणि वर लॅकर असणार. लॅकरचा थिनर जहाल असतो, खालचं इनॅमल पूर्ण पिकलेलं नसलं की त्याला उचलतो. लॅकरवर इनॅमल चालतं, उलटं नाही चालत. एकाच जातीचं सगळं वापरलंत तर हा प्रश्नच येत नाही. आणि पहिला क्लिअर कोट कायम धुक्यासारखा, ओला नाही.

काळा_चार्जर
रंगाच्या संदर्भासाठी फोटो बघताना अजून एक सांभाळा. फोर्डने २००१, २००८ आणि २०१९ ला बुलिट नावाच्या खास मस्टँग काढल्या, त्यांचे फोटो भरपूर मिळतात आणि लोक त्यावरून रंग जुळवतात. त्यांचा रंग डार्क हायलँड ग्रीन, ६८ चा तो नाही. संदर्भ पिक्चरचाच घ्या, नाहीतर ५५९ चा.

सावकाश_सुलभा
५५९ म्हणजे?

काळा_चार्जर
शूटिंगला दोन मस्टँग होत्या, चेसिस नंबर पाठोपाठचे, शेवटचे तीन आकडे ५५८ आणि ५५९. ५५८ ने उड्या, आदळआपट सगळं सोसलं, नंतर ती बरीच वर्षं बेपत्ता आणि २०१७ ला मेक्सिकोत बाहा कॅलिफोर्नियामध्ये भंगार अवस्थेत सापडली. ५५९ ही मॅक्वीनने चालवलेली मुख्य गाडी, ती एका कुटुंबाकडे १९७४ पासून गुपचूप होती, २०१८ ला जगासमोर आली आणि जानेवारी २०२० मध्ये लिलावात ३४ लाख डॉलरची बोली लागली, फी धरून ३७ लाख ४० हजार. तिचं नूतनीकरण केलेलं नव्हतं, जुनी तशीच ठेवलेली. त्यामुळे तिचे फोटो सोनं आहेत, फक्त एवढं लक्षात ठेवा की त्यात पन्नास वर्षांचं म्हातारपणही आहे. पडद्यावरची गाडी तेव्हा नवी होती.

हिरवा_फास्टबॅक
हे फार महत्त्वाचं बोललात. दोन वेगळ्या रेप्लिका होतात ह्यातून, पडद्यावरची गाडी आणि आजची ५५९. दोन्ही सुंदर, पण मिसळू नका. गंजलेल्या कडा आणि नव्याकोऱ्या राखाडी चाकांची जोडी कुठल्याच काळातली नाही.

नखभर_डिकॅल
नंबर प्लेटबद्दल कुणीच बोललं नाही अजून! माझ्यासाठी गाडी तिथेच जिंकते किंवा हरते.
कॅलिफोर्नियाची तेव्हाची प्लेट काळी, अक्षरं पिवळी, नंबर जेजेझेड १०९. खरी प्लेट १२ बाय ६ इंच, म्हणजे ६४ व्या हिश्शात ४.८ बाय २.४ मिलीमीटर. आता गंमत बघा, घरच्या इंकजेटमध्ये पांढरी शाई नसते आणि पिवळी शाई पारदर्शक असते. पारदर्शक डिकॅल कागदावर (पाण्यात भिजवून चिकटवायचा छापील कागद) पिवळी अक्षरं छापून काळ्या रंगावर चिकटवलीत तर काहीच दिसणार नाही. म्हणून पांढरा डिकॅल कागद घ्यायचा आणि काळी पार्श्वभूमी छापायची, अक्षरांच्या जागी पिवळा. खालचा पांढरा पिवळ्याला उचलून धरतो. कापल्यावर चारही कडा पांढऱ्या दिसतात, त्या काळ्या मार्करने हलकेच टेकवून बंद करायच्या.
६०० डीपीआयला ४.८ मिलीमीटरमध्ये जेमतेम ११३ ठिपके बसतात. त्यामुळे वरचं राज्याचं नाव वाचता येईल ही अपेक्षा सोडा, पण जेजेझेड १०९ स्वच्छ येतं, फॉन्ट किंचित जाड केलात तर अजून चांगलं.
इंकजेटवर छापलेलं असेल तर पाण्यात टाकायच्या आधी क्लिअरचे दोन पातळ कोट, नाहीतर शाई पाण्यात जाईल. लेझरवर छापलं असेल तर तो त्रास नाही. माझ्या मते प्लेट थेट बंपरवर चिकटवू नये. आधी पातळ प्लास्टिकच्या पट्टीवर लावून ती पट्टी बसवा. खऱ्या प्लेटला जाडी असते आणि ती सावली पाडते.

चाकवेडा
+१. पट्टीची आयडिया एकदम भारी.
चाकांचं मी सांगतो, माझा प्रांत. खरं टायर साधारण २६ इंच उंच धरलं तर मॉडेलवर १०.३ मिलीमीटर. रबरी टायरवाली पाच आऱ्यांची चाकं मिळतात, बहुतेक पूर्ण क्रोम. त्यातला क्रोम फक्त कडेला ठेवायचा आणि आरे राखाडी करायचे, मॅट, गनमेटलच्या जवळ. ब्रशपेक्षा टूथपिकचं टोक जास्त ऐकतं. हात हलत असेल तर उलटं करा, सगळं चाक राखाडी आणि मग कडेवर लिक्विड क्रोमच्या पेनाने एक फेरी.
जुना ॲक्सल मधोमध कापा, त्यावर बसेल अशी पितळी नळी बेसला चिकटवा, दोन्ही अर्धे नळीत दोन बाजूंनी सरकवा. अशाने चाक किती आत-बाहेर हवंय तेही जमवता येतं. ह्या गाडीची चाकं बॉडीच्या आत नीट दबलेली हवीत, बाहेर आली की पोरांची रेसिंग कार वाटते.

हिरवा_फास्टबॅक
आणि गाडी खाली चेपू नका फार. पिक्चरच्या गाड्या तयार करणाऱ्या मॅक्स बाल्चोस्कीने सस्पेन्शन कडक केलं होतं त्या उड्यांसाठी, जमिनीला घासणारी गाडी सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारावर अशी उडाली नसती.

ड्रिलभाऊ
घोडा काढायचं जरा सविस्तर सांगा ना. जाळीचा भाग माझ्या कास्टिंगमध्ये बेसच्या प्लास्टिकचाच आहे, क्रोम केलेला.

हिरवा_फास्टबॅक
ते बरंच झालं, प्लास्टिक धातूपेक्षा सोपं. ब्लीचमध्ये बुडवून ठेवलं की क्रोम सुटतो, खाली नुसतं प्लास्टिक उरतं. घोडा आणि फॉगलाइट नव्या ब्लेडच्या टोकाने पातळ पातळ तासायचे, एका दमात कापायचं नाही, कारण त्यांच्याबरोबर मागची जाळीची नक्षीही जाते आणि ती परत करणं अवघड आहे. गेलीच तर सुईने रेघा ओढून घ्या, काळ्या रंगाखाली तेवढं चालून जातं. मग पूर्ण जाळी सॅटिन काळी. बंपर मात्र क्रोमच हवा, तिथे लिक्विड क्रोम किंवा बेअर मेटल फॉइल (चिकटवायचा अगदी पातळ धातूचा पापुद्रा). खिडक्यांच्या कडांना फॉइलच लावा, रंगाची रेघ कितीही सरळ आली तरी धातूसारखी दिसत नाही.
बॉडीवरचे बॅज धातूत उठवलेले असतील तर बारीक कानस आणि मग ४००, ८००, १२०० चा पेपर. नुसते छापलेले असतील तर रंगाबरोबरच जातील.

सावकाश_सुलभा
मी शेवटची ठोकलेली गाडी करायचं ठरवलंय. पोचे कसे पाडायचे? पक्कडीने?

हिरवा_फास्टबॅक
नाही नाही, झमाक वाकत नाही, तडकतो. आणि पत्रा किती जाड आहे बघा, एक मिलीमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर जवळजवळ साडेसहा सेंटीमीटर. पोचा पाडायचा नसतो, कोरायचा असतो. रंगाआधी गोल टोकाच्या ग्राइंडिंग बिटाने फेंडरवर उथळ खळगा, कडा पेपरने मऊ. रंग झाल्यावर खळग्याच्या उंच कडेवर चंदेरी पेन्सिलीची बारीक ओढ, खोल भागात गडद तपकिरी वॉश (अगदी पातळ केलेला रंग). वॉश काळा घेऊ नका, गडद हिरव्यावर काळा दिसतच नाही.
धूळ खालच्या भागावर, चाकाच्या मागे, आणि मागच्या काचेच्या कोपऱ्यांत. चॉकची पूड आणि त्यावर मॅट क्लिअरचा एकच हलका कोट. छत आणि बॉनेट चकचकीतच राहू दे, सगळीकडे सारखी धूळ मारली की गाडी गोदामात पडून राहिल्यासारखी दिसते, पळून आल्यासारखी नाही.
कुठे ठोकलीय ते मात्र पिक्चरमधूनच बघा. शॉट ज्या क्रमाने घेतले त्या क्रमाने जोडलेले नसतात, त्यामुळे फ्रेम एकच धरा आणि तिच्यावरच काम करा.

प्रश्नचिन्ह
एक विचारतो, राग नसावा. ग्रीनलाइट कंपनीची तयार बुलिट मस्टँग मिळते की १:६४ मध्ये, लायसन्सवाली. मग एवढा उपद्व्याप कशाला?

हिरवा_फास्टबॅक
राग कसला, रास्त प्रश्न आहे. तयार गाडी घ्याच, माझ्याकडेही आहे, मापं ताडून बघायला उपयोगी पडते. पण ती कारखान्याने ठरवलेली गाडी आहे. कुठल्या क्षणाची करायची, उजेडात हिरवा किती उघडायचा, कुठला ओरखडा ठेवायचा, हे मी ठरवलेलं तिथे नसतं. घोडा स्वतःच्या हाताने तासून काढल्यावर कळतं की तो काढल्याने त्या गाडीचा चेहरा किती बदलला असेल. मला ते कळण्यातच सगळा आनंद आहे.

रंगारी_काका
शंभर टक्के सहमत.
काच बसवताना सुपरग्लू वापरू नका रे कुणी, त्याच्या वाफेने काच आतून पांढरी होते आणि मग गाडी परत उघडा. साधा पांढरा डिंक पुरतो, वाळल्यावर पारदर्शक होतो. काचेवर चरे असतील तर २००० चा पेपर पाण्यात, मग पॉलिश.

काळा_चार्जर
आता माझा मुद्दा. मस्टँग एकटी ठेवून काय करणार, मागे नाहीतर पुढे पाठलागातली दुसरी गाडी, म्हणजे काळी डॉज चार्जर पाहिजेच, १९६८ ची आरटी ४४०. इथेही साल सांभाळा, ६९ ची कास्टिंग्ज ढिगाने दिसतात. ६९ ला जाळीच्या मधोमध उभा दुभाजक आणि मागे लांबट दिवे, ६८ ला जाळी अखंड, मागे गोल दिवे दोन-दोन, आणि बाजूचे मार्करही गोल.
माझा घोळ हबकॅपचा (चाकावरच्या झाकणांचा) आहे. पाठलागात त्या गाडीच्या हबकॅप इतक्या उडतात की चार चाकांच्या हिशोबात बसत नाहीत. मग किती ठेवू?

नखभर_डिकॅल
तो हिरवा बीटल पण करा मग, तोच तोच परत परत ओव्हरटेक होतो :)

हिरवा_फास्टबॅक
काळा_चार्जर, बेरीज करत बसू नका, तिथे जमणारच नाही. मस्टँगची फ्रेम जी धरलीत त्याच शॉटमध्ये चार्जरची जी बाजू दिसते ती बघा, त्या बाजूला जेवढ्या हबकॅप आहेत तेवढ्या ठेवा, उघड्या चाकाला काळी स्टीलची रिम आणि मधे नटांचे ठिपके. न दिसणारी बाजू तुमच्या मनाने करा. फक्त दोन्ही गाड्यांवरची धूळ एकाच दिवशी, एकाच पुडीतली मारा. एक मळलेली आणि दुसरी धुऊन आणलेली दिसली तर त्या एकाच रस्त्यावर होत्या असं कुणाला वाटणार नाही.

काळा_चार्जर
पटलं. शॉट ठरवला, चढावर मस्टँग आरशात दिसते त्याच्या लगेच नंतरचा. ६८ चं कास्टिंग काढून ठेवलंय, आज रिव्हेट उडवतो आणि बॉडी बरणीत टाकतो. फोटो इथेच टाकीन.